‘नाही’ या उत्तराचा अर्थ : म्युटेक्सच्या अरोधी मागणीची चिकित्सा

बीजसंज्ञा : थ्रेड, म्युटेक्स, ट्रायलॉक, डेडलॉक, पोझिक्स, स्मृती-क्रम

प्रस्तावना

एकाच प्रोग्रामात अनेक थ्रेड चालू लागले की त्यांच्या सामाईक माहितीचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न उभा राहतो. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये परस्पर-वर्जनाच्या या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी केली. त्यांनीच पुढे आणलेल्या सेमाफोरवरील ‘पी’ या क्रियेचा संबंध त्यांनी स्वतः घडवलेल्या एका डच शब्दाशी जोडला असून त्याचा विस्तार ‘कमी करण्याचा प्रयत्न कर’ असा होतो. नावात प्रयत्न असला तरी ही क्रिया अपयशी मात्र होत नाही. सेमाफोर उपलब्ध नसेल तर थ्रेड थांबून राहतो आणि पाळी आल्यावर पुढे जातो. आजच्या म्युटेक्सची नेहमीची ‘लॉक’ क्रिया याच स्वभावाची आहे. ताबा मिळेपर्यंत ती परत येत नाही, म्हणून तिच्याकडून ‘नाही’ हे उत्तर ऐकण्याचा प्रसंगच येत नाही.

‘ट्रायलॉक’ या क्रियेने हा प्रसंग निर्माण केला. ताबा मिळत असेल तर घ्यावा, मिळत नसेल तर क्षणभरही न थांबता परत यावे, एवढेच तिचे काम. १९९५ च्या पोझिक्स थ्रेड मानकात ती आहे. विंडोज एनटी ४.० मध्ये १९९६ साली क्रिटिकल सेक्शनसाठी तिचा समांतर अवतार आला. पुढे २००४ मध्ये जावा ५, २०११ मध्ये सी आणि सी प्लस प्लस या भाषांची मानके, २०१५ मध्ये रस्ट आणि २०२२ मध्ये गो भाषेची १.१८ ही आवृत्ती, अशी तिची वाटचाल झाली. नाव सर्वत्र जवळजवळ एकच असले तरी करार एकच नाही. प्रस्तुत लेखात या करारांचे शब्द तपासले असून, ट्रायलॉकच्या अपयशाला नेमका किती अर्थ द्यावा हा चिकित्सेचा मुख्य मुद्दा आहे.

वर्गात सोयीसाठी असे सांगितले जाते की ट्रायलॉक ही म्युटेक्स मोकळे आहे की नाही हे तपासणारी क्रिया होय. विद्यार्थ्याच्या मनात पुढे बराच काळ टिकून राहणारा गैरसमज या एका वाक्यातून सुरू होतो. ट्रायलॉक तपासणी करत नाही, ती मागणी करते. तपासणे आणि घेणे या दोन गोष्टी तिच्यात एकाच अविभाज्य पावलात होतात. म्हणून तिचे ‘हो’ आणि तिचे ‘नाही’ एकाच तोलाची विधाने ठरत नाहीत.

दोन उत्तरांची असमानता

‘हो’ या उत्तराला बंधन असते. ताबा मिळाला की मिळवणारा थ्रेड तो सोडेपर्यंत ही वस्तुस्थिती बदलू शकत नाही. उत्तर वाचताना ते खरे असते आणि दहा ओळींनंतरही खरेच राहते. ‘नाही’ या उत्तराला असे कोणतेही संरक्षण नाही. म्युटेक्स दुसऱ्याकडे आहे असे कळले, आणि ते उत्तर प्रोग्रामच्या पुढच्या ओळीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्या दुसऱ्याने ते सोडलेले असू शकते. म्हणजे अपयशाचे उत्तर पूर्णपणे प्रामाणिक असले, तरी ते हाती पडते तेव्हाच शिळे झालेले असते.

ग्रंथालयाच्या खिडकीवर एखाद्या ग्रंथाची एकमेव प्रत मागावी आणि ‘मिळणार नाही’ असे उत्तर यावे, तसा हा प्रकार आहे. या उत्तरावरून मागणाऱ्याला प्रत मिळाली नाही एवढेच सिद्ध होते. प्रत कोणाकडे आहे, कधी परत येईल, किंवा ती खरोखरच बाहेर गेली आहे की मांडणीवरच राहून गेली आहे, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. शेवटची शक्यता थट्टेची वाटेल, पण सी प्लस प्लसच्या मानकाने नेमकी तीच मान्य केली आहे.

मानकांचे शब्द

म्युटेक्स आधीच कुलूपबंद असल्यामुळे ताबा मिळू शकला नाही, असा अर्थ पोझिक्सने ‘ईबिझी’ या त्रुटी-अंकाला दिला आहे. वाक्यरचना पाहता हे जगाविषयीचे विधान आहे. अपयश आले, यास्तव म्युटेक्स कोणाच्या तरी ताब्यात होते. सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकाने हा कार्यकारणसंबंध तोडला. म्युटेक्स कोणाकडेही नसताना ट्रायलॉक अकारण अपयशी ठरू शकते, अशी मुभा त्यात स्पष्टपणे दिलेली आहे. स्पर्धा नसताना क्रिया सातत्याने अपयशी होऊ नये, एवढी अपेक्षा मात्र अंमलबजावणी करणाऱ्यांकडून ठेवली आहे.

ही मुभा पहिल्या वाचनात बेफिकिरीची वाटते. तिच्यामागचा विचार हान्स बोम आणि सरिता अडवे यांनी सी प्लस प्लसच्या स्मृती-प्रतिमानावरील २००८ च्या निबंधात मांडला आहे. तो समजून घेतल्याशिवाय या मुद्द्यावर मत देणे योग्य होणार नाही. त्यांचे उदाहरण थोडक्यात असे. पहिला थ्रेड ‘क्ष’ या चलात ४२ लिहितो आणि त्यानंतर म्युटेक्सचा ताबा घेतो. दुसरा थ्रेड ट्रायलॉक करत राहतो. ताबा मिळाला तर तो लगेच सोडून पुन्हा प्रयत्न करतो. ज्या क्षणी त्याला अपयश येते त्या क्षणी तो असे मानतो की पहिल्या थ्रेडने ताबा घेतला, अर्थात त्याआधी ‘क्ष’मध्ये ४२ लिहून झाले. येथे म्युटेक्सचा उपयोग रक्षणासाठी होत नसून निरोप पोहोचवण्यासाठी होत आहे, आणि निरोप पोहोचवते ते अपयश.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने या अनुमानात खोट दिसत नाही. खोट आहे ती यंत्राच्या व्यवहारात. कुलूपाच्या आधी लिहिलेली गोष्ट कुलूपाच्या आतल्या भागात सरकवण्याची परवानगी कंपायलरला आणि प्रोसेसरला असते. आतली गोष्ट बाहेर जाऊ नये एवढीच दक्षता साधे ‘लॉक’ घेते. परिणामी दुसऱ्या थ्रेडला म्युटेक्स व्यापलेले दिसेल, पण ‘क्ष’मध्ये ४२ दिसेलच याची खात्री नाही. ही खात्री द्यायची झाल्यास प्रत्येक ‘लॉक’पूर्वी अधिकचा स्मृती-अडसर घालावा लागेल, आणि त्याचा खर्च ट्रायलॉक कधीच न वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामावर पडेल. मूठभरांच्या चमत्कारिक वापरासाठी सर्वांकडून कर वसूल करण्यापेक्षा अपयशाचा अर्थच काढून घेणे मानककर्त्यांनी पसंत केले. अपयश अकारणही येऊ शकते असे एकदा ठरले की त्यावरून अनुमान काढण्याचा मार्ग बंद होतो, आणि वरील प्रोग्राम डेटा रेस असलेला, म्हणजेच सदोष ठरतो.

हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो. जावाच्या ‘लॉक’ या इंटरफेसच्या दस्तऐवजात ताबा मिळवण्याच्या अयशस्वी प्रयत्नाला स्मृतीच्या समन्वयाचा कोणताही परिणाम असण्याची गरज नाही, असे म्हटले आहे. गो भाषेच्या दस्तऐवजातही अयशस्वी ट्रायलॉकमुळे दोन थ्रेडमधील घटनांचा क्रम प्रस्थापित होत नाही, हे नोंदवले आहे. तिन्ही भाषांची घडण भिन्न आहे. तरीही अपयशातून पूर्वापर क्रम शिकता येत नाही या एका गोष्टीवर त्या पोहोचल्या. आक्षेप घ्यायचा तर तो सांगण्याच्या पद्धतीवर घेता येईल. सी प्लस प्लसने ‘अपयशावरून काही गृहीत धरू नका’ असे थेट न सांगता ‘अपयश अकारण येऊ शकते’ असे आडवळणाने सांगितले. त्यामुळे अनेक वाचकांचा समज असा होतो की हा केवळ काही प्रोसेसरांच्या दुबळ्या अदलाबदल-सूचनेचा दोष आहे आणि आपल्या यंत्रावर तो संभवत नाही. असा समज झालेला प्रोग्रामर नियम वाचूनही नियमाच्या बाहेरच राहतो.

स्वतःच्याच ताब्यातील म्युटेक्स

अपयशाचे उत्तर शिळे नसते असा एकच प्रसंग आहे. मागणारा थ्रेड स्वतःच म्युटेक्सचा धनी असतो तेव्हा त्याची परिस्थिती त्याच्या परवानगीशिवाय बदलत नाही. आश्चर्य असे की नेमक्या याच प्रसंगी मानकांत सर्वाधिक मतभेद आहेत. पोझिक्सच्या साध्या म्युटेक्सवर अशा वेळी ट्रायलॉक ‘ईबिझी’ देते; त्याच मानकातील पुनरावर्ती म्युटेक्सवर मात्र ती यशस्वी होते आणि ताब्याची गणना एकाने वाढते. विंडोजचे क्रिटिकल सेक्शन आणि जावाचे रीएन्ट्रंट लॉक यांतही यशच मिळते. सी प्लस प्लसच्या साध्या म्युटेक्सवर अशी मागणी केल्यास प्रोग्रामचे वर्तन अनिश्चित ठरते, म्हणजे काहीही घडू शकते.

यांपैकी कोणते वर्तन इष्ट मानावे? म्युटेक्स माहितीची सुसंगती राखण्यासाठी असते. ताबा मिळाला याचा खरा आशय असा की आतील माहिती या क्षणी सुसंगत अवस्थेत आहे. एखादे फंक्शन साखळी-सूचीत नवा घटक जोडत आहे, एक दुवा बदलला आहे आणि दुसरा बदलायचा आहे, अशा अर्धवट अवस्थेत त्याने दुसऱ्या फंक्शनला बोलावले आणि त्या फंक्शनने ट्रायलॉक केले, अशी कल्पना करावी. पुनरावर्ती म्युटेक्स येथे ‘हो’ म्हणते. दुसरे फंक्शन त्या विश्वासावर तुटक्या सूचीतून चालू लागते. बाहेरचा कोणी आत आला नाही हे खरे. पण घरातलेच आवरणे चालू असताना घर आवरलेले आहे असे सांगितले गेले. या दृष्टीने साध्या म्युटेक्सवरील पोझिक्सचे ‘नाही’ हे उत्तर सर्वांत विवेकी आहे. सी प्लस प्लसने येथे हात वर केले हे समर्थनीय वाटत नाही. ज्या क्रियेचा जन्मच अपयश सभ्यपणे कळवण्यासाठी झाला, तिने खात्रीने अपयश द्यावे अशा एकमेव प्रसंगी अनिश्चितता पत्करावी, हे विसंगत आहे.

उत्तर कोणत्या रूपात द्यावे

अपयशाला जगाविषयी अर्थ नाही हे मान्य केले, तरी प्रोग्रामच्या पुढील वाटेसाठी त्याला पूर्ण अर्थ आहे : संरक्षित माहितीला हात लावू नये. हा निषेध वाचकापर्यंत न चुकता पोहोचवणे हे परतीच्या मूल्याचे काम होय, आणि जुन्या आज्ञावली-संचांची कामगिरी येथे फारशी स्पृहणीय नाही. पोझिक्समध्ये यश म्हणजे शून्य; विंडोजमध्ये यश म्हणजे शून्येतर. लिनक्सच्या गाभ्यात तर एकाच घरात दोन रिवाज नांदतात. तेथील सेमाफोरचे ट्रायलॉक यशासाठी शून्य देते आणि २००६ मध्ये दाखल झालेल्या म्युटेक्सचे ट्रायलॉक यशासाठी एक देते. सेमाफोरवरून म्युटेक्सवर येताना हे उलटे आहे याची काळजी घ्यावी, अशी सूचना मूळ संहितेतील टिपणातच लिहिलेली आहे. सी प्लस प्लसमध्ये अनेक म्युटेक्स एकदम मागणारे स्वतंत्र ट्रायलॉक फंक्शन आहे. ते सर्व मिळाल्यास उणे एक देते आणि न मिळाल्यास पहिल्या अपयशी म्युटेक्सचा क्रमांक देते, जो शून्यापासून सुरू होतो. सत्य-असत्य म्हणून हे उत्तर वाचणाऱ्याला पूर्ण यश ‘खरे’ दिसते, पहिल्या म्युटेक्सवरील अपयश ‘खोटे’ दिसते, आणि दुसऱ्यावरील अपयश पुन्हा ‘खरे’ दिसते.

यापेक्षा गंभीर प्रसंग पोझिक्सच्या २००८ च्या आवृत्तीतील ‘रोबस्ट’ म्युटेक्सचा आहे. ताबा असतानाच धनी थ्रेड मरण पावला, तर पुढच्या मागणाऱ्याला ‘ईओनरडेड’ हा अंक मिळतो. हा अंक शून्य नाही, म्हणून ‘शून्य नसेल तर परत फिरा’ अशी सवय असलेला प्रोग्राम परत फिरतो. प्रत्यक्षात ताबा मिळालेला असतो. माहिती अर्धवट असू शकते, ती दुरुस्त करून घ्यावी, असा त्या अंकाचा आशय आहे. परत फिरलेला थ्रेड म्युटेक्स सोडत नाही, कारण ते आपल्याकडे आहे हेच त्याला ठाऊक नसते, आणि तो जिवंत असेपर्यंत इतर सर्व ताटकळत राहतात. ‘ताबा मिळाला का’ आणि ‘माहिती विश्वासार्ह आहे का’ या दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे एकाच अंकात कोंबल्याचा हा परिणाम होय.

रस्ट भाषेने याच दोन प्रश्नांची मांडणी वेगळ्या प्रकारे केली. तेथे माहिती म्युटेक्सच्या आतच ठेवलेली असते आणि ट्रायलॉक यशस्वी झाले तरच तिच्यापर्यंत नेणारा ‘गार्ड’ हाती येतो. उत्तराकडे दुर्लक्ष केले तर माहितीच मिळत नाही, म्हणून अपयशाच्या शाखेत चुकून माहिती वापरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. धनी थ्रेड मध्येच कोसळला असेल तर ‘पॉइझन्ड’ अशी त्रुटी येते आणि ताबा दर्शवणारा गार्ड त्या त्रुटीच्या पोटातच असतो. ती त्रुटी कोणी टाकून दिली तर गार्डही नष्ट होतो आणि म्युटेक्स आपोआप सुटते. विसरभोळ्या प्रोग्रामरचा प्रमाद दोन्हीकडे सारखाच, पण पोझिक्समध्ये त्याची किंमत सर्व थ्रेड मोजतात आणि रस्टमध्ये कोणीच मोजत नाही. संहितेच्या आखणीत एवढा फरक पडू शकतो, हे अध्यापनात दाखवण्याजोगे उदाहरण आहे.

वापराची बाजू

डेडलॉक टाळण्याचे साधन म्हणून ट्रायलॉकचा नेहमी उल्लेख होतो. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ मध्ये डेडलॉकच्या चार आवश्यक अटी नोंदवल्या. त्यांपैकी ‘एक धरून दुसऱ्याची वाट पाहणे’ ही अट ट्रायलॉकने मोडता येते. तथापि ती मोडते ट्रायलॉकमुळे नव्हे, तर अपयशानंतर हातातील पहिले म्युटेक्स सोडून दिल्यामुळे. पहिले हातात ठेवून दुसऱ्यावर ट्रायलॉकचा फेरा चालू ठेवणारा प्रोग्राम वाटच पाहत असतो. फरक इतकाच की तो झोपून न पाहता प्रोसेसर जाळत पाहतो. दोन थ्रेड समोरासमोर असे फेरे घालू लागले तर तो डेडलॉकच होय. त्यात यंत्र तापते आणि निरीक्षकाला प्रोग्राम कामात असल्याचा भास होतो, हे अधिकचे.

सोडून दिले तरी दुसरी अडचण उरते. दोघे एकाच वेळी माघार घेतात, एकाच वेळी पुन्हा येतात आणि पुन्हा अडतात. मेटकाफ आणि बॉग्ज यांनी १९७६ मध्ये वर्णन केलेल्या इथरनेटमध्ये टक्कर झाल्यावर यादृच्छिक काळ थांबण्याची जी युक्ती आहे, तीच येथे लागू पडते. पण ती युक्ती वापरली की ‘थांबायचे नाही’ हा मूळ हेतू बाजूला पडतो. सर्वत्र एकाच ठरलेल्या क्रमाने म्युटेक्स घेणे शक्य असेल तर ते अधिक सरळ आहे. गो भाषेने हे साधन अनेक वर्षे नाकारले आणि देताना अशी टीप जोडली की त्याचे योग्य उपयोग विरळा असतात व त्याचा वापर बहुधा रचनेतील खोल दोषाची खूण असते. ही टीप कठोर असली तरी अनाठायी नाही.

रांगेच्या न्यायाचा प्रश्नही थोडक्यात नोंदवावा. जावामध्ये ‘न्याय्य’ म्हणून घडवलेल्या रीएन्ट्रंट लॉकवरही साधे ट्रायलॉक रांगेतील इतरांना डावलून पुढे घुसते. रांग पाळायची असल्यास शून्य कालमर्यादेचे ट्रायलॉक वापरावे, असे दस्तऐवज सांगतो. शून्य काळ थांबणे आणि अजिबात न थांबणे यांत इतका फरक असावा, हे कोणत्याही वाचकाला नावावरून उमगणार नाही. याउलट गोचे म्युटेक्स, एखादा थ्रेड एक मिलिसेकंदाहून अधिक काळ ताटकळला की उपासमारीच्या अवस्थेत जाते आणि त्या अवस्थेत ट्रायलॉकला नकार देते. ज्याला घाई आहे पण गरज नाही, त्याने गरजूच्या पुढे जाऊ नये, ही गोची भूमिका अधिक ग्राह्य आहे.

खरोखर योग्य वापरात अपयशाच्या शाखेला स्वतःचे पूर्ण आणि बरोबर काम असते. प्रवेश-अर्ज मोजणाऱ्या काउंटरवर ट्रायलॉक करून ‘नाही मिळाले तर राहू दे’ असे लिहिणे म्हणजे अर्ज गमावणे. जुन्या नोंदी साफ करण्याचे काम मात्र दुसरा थ्रेड बहुधा करतच असेल म्हणून सोडून देता येते, कारण तो करत नसला तरी पुढच्या फेरीत साफसफाई होईल. येथे अकारण अपयशही निरुपद्रवी आहे, आणि वापर योग्य आहे की नाही हे ओळखण्याची ही चांगली कसोटी ठरते : मोकळ्या म्युटेक्सवर अपयश आले असते तर प्रोग्राम चुकला असता का?

ध्वनिप्रक्रिया करणाऱ्या थ्रेडला ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. सेकंदाला ४८,००० नमुने आणि एका फेरीत १२८ नमुने असे प्रमाण असेल तर प्रत्येक फेरीला सुमारे २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम झाले नाही तर श्रोत्याला खरखर ऐकू येते. वापरकर्त्याने आवाजाची पातळी बदलली, ती नवी माहिती म्युटेक्सच्या आड आहे, आणि ध्वनी-थ्रेडला ताबा मिळाला नाही, तर तो याही फेरीत जुनीच पातळी वापरतो. अपयशाची शाखा परिपूर्ण आहे, कसोटी उतरते, आणि ट्रायलॉकचे हे आदर्श क्षेत्र म्हणून सांगितले जाते.

तथापि या वर्णनात यशाची शाखा अर्धीच पाहिली जाते. ताबा मिळाला तर तो सोडावाही लागतो, आणि सोडण्याच्या क्रियेला ‘न थांबण्याचे’ कोणतेही वचन लागू नाही. लिनक्समध्ये २००३ च्या २.६ आवृत्तीपासून म्युटेक्स फ्युटेक्सवर आधारलेले असते. कोणी वाट पाहत नसेल तर सोडणे हे एका अविभाज्य सूचनेचे काम असते. कोणी झोपून वाट पाहत असेल तर त्याला जागे करण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला हाक द्यावी लागते. ती हाक किती वेळ घेईल हे ध्वनी-थ्रेडच्या हाती नाही. म्हणजे ज्या थ्रेडने थांबू नये म्हणून ट्रायलॉक निवडले, तोच थ्रेड दुसऱ्याला उठवण्याच्या कामात अडकतो, आणि तेही प्रयत्न यशस्वी झाल्यामुळे. पोझिक्स, जावा, सी प्लस प्लस यांपैकी कोणाच्याही ट्रायलॉकच्या वर्णनात या खर्चाचा निर्देश नाही. उपाय करायचा तर तो समोरच्या बाजूने करावा लागतो. पातळी बदलणाऱ्या थ्रेडने गाभ्यात झोपू नये, त्याने अधूनमधून विसावा घेत स्वतःच ट्रायलॉकचे फेरे घालावेत, आणि कुलूप असे साधे असावे की ते सोडणे म्हणजे स्मृतीत केवळ एक अंक लिहिणे ठरेल. एरवी दोषास्पद ठरलेला फेरा येथे चालतो, कारण फेरे घालणाऱ्या थ्रेडच्या हाती त्या वेळी दुसरे कोणतेही म्युटेक्स नसते आणि ध्वनी-थ्रेड कुलूप फार काळ धरून ठेवत नाही.